लेकीच्या गोळ्या

माय, तू गेलीस तेव्हा माझी लेक जन्मायची होती. ती हुशार आहे, पण तिचं चित्त एका जागी ठरत नाही, म्हणून डॉक्टरांनी तिला रोज सकाळची गोळी लिहून दिली. ऑफिसातल्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास माझ्याच्यानं होईना, तेव्हा त्यातली एक मी घेतली. त्या दिवशी पुस्तक डोक्यात सरसर उतरलं. मग आणखी घेतल्या. डबी लवकर संपू लागली, तशी तिची गोळी चुकवू लागले. शाळेतून तक्रार आली की तिलाच ओरडायची, "जरा वेळ बसता येत नाही काऊन तुला?" ती म्हणायची, "आज गोळी नाही दिली ना तू." मी तिला चूप करायची.

मे महिन्यात अख्खं फुलचूर गाव भाजून निघत होतं आणि माझी बोटं पांढरी पडून निळी व्हायची, बर्फात ठेवल्यासारखी गार. दातावर दात आवळून जबडा दुखायचा. मग कातडीखालून मुंग्या चालू लागल्या. तुझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी तू मला लग्नात शिवून दिली होतीस. मला खात्रीच पटली की किडे त्यातूनच येतात. एका दुपारी अंगणात बसून मी ती ब्लेडनं पूर्ण उसवली. लेक म्हणाली, "आई, काहीच नाही ना त्यात." "तुला दिसत नाही!" मी खेकसले आणि हात ओरबाडत राहिले. लहानपणी मी धाकट्या भावाचं गोड औषध चोरून प्यायले होते, आठवतं? तू चुलीपुढून उठलीस, पण मारलं नाहीस. "कायले पेलीस? थो तापानं फणफणून राहिला, अन् तू त्याचं औषध पिऊन राहिली," एवढंच म्हणालीस. तेव्हा मी लहान होते, माय. आता केस पिकलेत.

शेवटी नवऱ्यानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोटं पाहून विचारलं, "कोणती गोळी चालू आहे?" मी म्हणाले, "कोणतीच नाही." दारापाशी उभी असलेली लेक हळूच म्हणाली, "माझ्या गोळ्या." तिला सगळं ठाऊक होतं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिचा हात धरला. गोळ्या सुटल्यावर मुंग्या गेल्या, बोटांत रंग आला. परीक्षेला मी बसलेच नाही. डबी आता नवऱ्याच्या कुलपात असते. लेक माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

हे पत्र तुझ्या फोटोमागेही ठेवणार नाही, लेकीच्या हाती लागेल. डॉक्टरांना मी नंतर 'कधीकधी घ्यायचे' असं सांगितलं. वर तुलाही 'आणखी घेतल्या' असं मोघमच लिहिलं. रोज घेत होते, माय.