ग्रे हेरॉन पाण्याला भीत नाही

बुधवार, ५ मार्च. सकाळी ८.१०
आजपासून लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस. चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि तिथेच संकल्प केला. डॅरलीनने गोड सोडलं, मुलीने, मॅरेनने, चिप्स. मी नवा ‘ग्रे हेरॉन’ सोडला. सिनेमा आठ मेला लागणार, म्हणजे ईस्टर उलटून गेल्यावर. डॅरलीनचं म्हणणं, जे अजून आलंच नाही ते सोडण्यात कसला आलाय त्याग. बायकोला तत्त्व समजावण्यात वेळ घालवायचा नाही, हा संकल्प क्रमांक दोन.

संध्याकाळी ६
बुधवार म्हणजे नव्या कॉमिक्सचा दिवस. मर्लच्या दुकानात गेलो. ट्रेलर पाहिला, केवळ पुरावा म्हणून. चार वेळा. हेरॉन धक्क्याच्या टोकाला उभा, खाली तळं, आणि पाय लटपटतायत! बगळ्याचं नाव लावणारा हिरो पाण्याला भितो. उद्या मासळीवाल्याला माशाच्या वासाने घेरी आणतील. माझ्या तळघरात सगळे ३१२ अंक आहेत, पान न् पान पाठ आहे. हेरॉन कुठेही, कधीही पाण्याला भ्यालेला नाही. एक अंक न वाचलेली माणसं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला निघतात, तेव्हा असंच होणार.
मर्ल म्हणाला, आधी बघ, मग शिव्या दे. तीस वर्षं दुकान चालवूनही या माणसाला कसलंच मत नाही. म्हणून तर गिऱ्हाईक टिकून आहे.

गुरुवार, ६ मार्च
मॅरेन तेरा वर्षांची झाल्यापासून माझ्याशी दोनच विषयांवर बोलते. वायफाय, आणि गाडीने कुठे सोडायचं. आज आपणहून गॅरेजमध्ये आली. “डॅड, हेरॉनला पहिल्या दिवशी आपण दोघं जाऊ या का?”
लहान असताना दर बुधवारी माझ्या मांडीवर बसायची. मी वाचायचो, ती पानं उलटायची. (आधी हात तपासायचो.) भरून आलं. पण तत्त्व ते तत्त्व. चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि सिनेमावर बहिष्कार घालायच्या माझ्या कागदावर सही केली. पहिली सही माझी, दुसरी तिची. चेहरा जरा उतरला होता. होईल सवय.

शनिवार, ८ मार्च
मॅरेनच्या क्लबची पोहण्याची स्पर्धा. नाही गेलो. क्लोरीनने डोळे चुरचुरतात. शिवाय मोहिमेचं काम. सह्या: २.

शनिवार, २२ मार्च
पुन्हा स्पर्धा. नाही गेलो, गुडघा. मॅरेन दुसरी आली म्हणे. सह्या: ४. मर्लने पेन चालतं का बघायला रेघ मारली, ती धरून.

रविवार, ३० मार्च
मेहुण्याने बोटीतून मासे धरायला बोलावलं. नाही गेलो. त्याच्या बोटीला पेट्रोलचा वास येतो. गेली एकोणीस वर्षं येतोय. डॅरलीन म्हणाली, त्याने बोट तीनदा बदलली. वास माणसाबरोबर फिरतो, हे तिला कळत नाही.

बुधवार, ९ एप्रिल
मर्लने फोनवर सिनेमाच्या दिग्दर्शिकेची मुलाखत दाखवली. बाई म्हणतात, कल्पना माझी नाहीच. नऊ वर्षांची असताना अठ्ठ्याऐंशीव्या अंकात वाचकांच्या पत्रांच्या पानावर एका मुलाचं पत्र वाचलं होतं. त्याला संपादकांनी दिलेलं उत्तर मला अजून आवडत नाही, म्हणून हा सिनेमा काढला.
निव्वळ थाप. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मर्लने विचारलं, तुझ्याकडे आहे ना तो अंक? आहे. १९९० साली घेतलाय. फक्त तो मी नंतर दर्जा ठरवायला पाठवला होता, तेव्हापासून जाड प्लास्टिकमध्ये सीलबंद आहे. वर ९.४ असा शिक्का. दहापैकी. प्लास्टिक फोडलं की शिक्का गेला. पाठ आहे म्हणालास ना, असं मर्ल. मी म्हटलं, गोष्टी पाठ आहेत, पत्रं कोण पाठ करतो?
(माझंही एक पत्र लहानपणी छापून आलं होतं. कौतुकाचं. कुठल्या अंकात, ते आता नेमकं सांगता येणार नाही.)

शुक्रवार, २५ एप्रिल
जेवताना मॅरेन म्हणाली, मैत्रिणींनी आठ तारखेची तिकिटं काढली आणि तिलाही विचारलं. तिने नाही सांगितलं. त्या हसल्या. तिने ऐकवलं की माझ्या डॅडकडे सगळे अंक आहेत आणि त्याला माहीत आहे. मला अभिमान वाटला.
मग म्हणाली, तो अठ्ठ्याऐंशी उघड, पानाचा फोटो काढू, मी सगळ्यांना दाखवते. मी ९.४ म्हणजे काय ते सांगायला लागलो. ती मध्येच म्हणाली, “पण मग तू खरा आहेस हे त्यांना कळणार कसं?” डॅरलीनने काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत बसली. मी आणखी मासा मागितला.

बुधवार, ७ मे. दुपारी
अर्धा दिवस सुट्टी टाकली. घरी कोणी नव्हतं. स्क्रूड्रायव्हरने अठ्ठ्याऐंशीची प्लास्टिकची पेटी फोडली. मुलीचं नाक वर राहावं म्हणून, दुसरं काही नाही.
पत्र आहे. जसंच्या तसं उतरवतो.
“प्रिय संपादक, मागच्या उन्हाळ्यात मी धक्क्यावरून तळ्यात पडलो. तेव्हापासून मला पाण्याची भीती वाटते. मुलं हसतात. ग्रे हेरॉनला कधी पाण्याची भीती वाटते का? एकदा तरी वाटली तर मला बरं वाटेल. वेंडेल क्रूपा, वय ११, एरी, पेनसिल्व्हेनिया.”
खाली उत्तर. “वेंडेल, ग्रे हेरॉन कशालाच भीत नाही. पोहायला शीक!”
एरी मोठं शहर आहे. माझ्याच नावाचा दुसरा वेंडेल क्रूपा असू शकतो.

दुपारी ४
दुसरा नाहीये. बादली उपडी घालून तिच्यावर बसून राहिलो. वाईट वाटलं. उत्तर वाचून झाल्यावर त्या दिवशी काय केलं होतं तेही आठवलं. अंक पलंगाखाली सारला होता आणि आईला सांगितलं होतं की माझं पत्र आलं, छान आलंय. तेव्हापासून जो भेटेल त्याला संपादकांचंच उत्तर ऐकवत आलोय.

संध्याकाळी
मॅरेनला सांगितलं, पेटी उघडली, पण पत्रांचं पानच फाटलेलं आहे. हेरॉनच्या बाबतीत तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. ती म्हणाली, वाईट झालं रे, तुझा नऊ पूर्णांक चार पण गेला.

गुरुवार, ८ मे
सहाला मैत्रिणींची गाडी दाराशी आली. एकीच्या आईने हॉर्न वाजवला. मॅरेनने पायरीवर उभं राहून हात हलवला, नाही येत म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी स्वयंपाकघरात उगाचच नळाचा वॉशर बघत होतो. (नळ-पाइपांच्या दुकानात काउंटरवर असतो मी, कोणाला संशय येत नाही.) मग तिचा फोन सारखा वाजत राहिला. ती गणितं सोडवत बसली. आठच्या सुमारास आली आणि विचारलं, “डॅड, आपण बरोबरच केलं ना?”
तेव्हाच सांगायला हवं होतं. हो म्हणालो.

शुक्रवार, ९ मे
एका गिऱ्हाइकाला स्नानघराऐवजी बागेचा नळ दिला. तो परत आला. दुसऱ्यांदाही चुकीचाच दिला.
घरी आल्यावर अंक मॅरेनच्या पुढ्यात ठेवला. पान फाटलेलं नाही, एवढंच म्हणालो. तिने उभ्यानेच वाचलं. दोनदा. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.
“तू अजून भितोस?”
मी क्लोरीनचं सांगायला लागलो. ती बघत राहिली. हो म्हणालो.
“म्हणजे म्हणून तू एकदाही आला नाहीस. मला वाटायचं, तुला माझं पोहणं बोअर होतं.”
ती म्हणाली, रविवारी सिनेमाला जाऊ. मग दोन्ही हात पँटला पुसले आणि अंक हळूच मिटला.

रविवार, ११ मे
आज मदर्स डे. दोघं मिळून तीन तास घराबाहेर जाताय हीच माझी भेट, असं डॅरलीन म्हणाली.
सिनेमा चांगला आहे. लिहायला जड जातंय, पण चांगला आहे. बघायचाच, शेवटपर्यंत, असं ठरवूनच बसलो होतो. मग तो धक्का आला. भिंतभर पाणी, आणि आवाज थेट खुर्चीखालून. मी पॉपकॉर्न आणायला गेलो. डबा अर्धा भरलेला होता, पण नंतर गर्दी होते. परत आलो तोवर हेरॉन दुसऱ्याच गावात पोचला होता. मॅरेन कानात म्हणाली, “तुझा सीन गेला.”
पार्किंगमध्ये तिने तो सांगितला. हेरॉन ज्या मुलीला वाचवायला येतो ती धक्क्यावरच असते. त्याचे पाय हलत नाहीत. तो तिला म्हणतो, मला भीती वाटते. ती म्हणते, बरं. मी विचारलं, मग? मग काही नाही, मॅरेन म्हणाली, दोघं बसून राहतात. मी गाडीची किल्ली बराच वेळ शोधली. हातातच होती.
पुढच्या शनिवारी तिची यंदाची शेवटची स्पर्धा. दाराजवळची, पाण्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची धरून ठेवते म्हणाली. मी वचन दिलं. जाणारच. आता जगातली कुठलीही ताकद मला अडवू शकत नाही.

शनिवार, १७ मे. सकाळी ७
गुडघा उत्तम. डोळे उत्तम. निघतो.

दुपारी २
इमारतीपर्यंत गेलो. दार उघडलं. आत खुर्ची होती, तिच्यावर मॅरेनचा टॉवेल ठेवलेला. दार लावलं. बाहेरच्या काचेतून पाहिलं. काचेवर वाफ होती. मध्ये एकदा पिवळी टोपी दिसली, ती बहुतेक तिचीच. त्या टोपीसाठी टाळ्या वाजवल्या. एका बाईने माझ्याकडे वळून पाहिलं.
संपल्यावर मॅरेन ओल्या केसांनी बाहेर आली. मी पायरीवर बसलो होतो. तिने काही विचारायच्या आतच सांगून टाकलं की आत खुर्च्या भरलेल्या होत्या.
“बरं,” ती म्हणाली, आणि शेजारी बसली.