बायनाबाईंची हनुवटी

३ नोव्हेंबर
आली म्हातारी बायनाबाई! मागच्या दारानं, तोंडावर पदर, दुपारी सगळं उमापूर आडवं झालेलं असताना. मोहनरावांची बायको पार्लरमध्ये दिसली तर घराण्याची इज्जत जाईल ना!
हनुवटीला चांगली दाढी आलीय. वॅक्स आधी माझ्या मनगटावर लावून बघितलं, नेहमीसारखं. तरी बोंब — "लई पोळतंय गं!" आणि दर खेपेचं ठरलेलं, "हात धुतलेस का?" पाणी दिलं तर शिवत नाही. आमच्या घरचं ना ते! पट्टी जरा जोरात ओढली. हो, मुद्दाम.

९ नोव्हेंबर
तिची सून प्रियदर्शनी आली. पुढच्या दारानं! भावाचं लग्न आहे तिच्या. दोन्ही हात वॅक्स केले. आरशासमोर हात फिरवून फिरवून बघत होती. चहाही प्यायली. असल्या घरात कशी पडली ही पोरगी!

१० नोव्हेंबर
सासूनं हात बघितले. झालं!
माझ्या दारात उभी राहून ओरडली — "सुना नासवायचं दुकान हाय हे! कावून ठिवलंय आपल्या गाळ्यात?" गाळा मोहनरावांचा. संध्याकाळी त्यांचा निरोप : महिनाअखेर रिकामा करा.
मी नासवते? आणि तुझी दाढी कोण काढतं गं, सटवे?

११ नोव्हेंबर
मतीन म्हणतो, "जाने दे ना, गेवराई में देखेंगे." एवढा थंड नवरा! इथल्या बायका माझ्यासमोर बाही वर करायला किती वर्षं लागली, त्याला काय माहीत? गेवराईत मला कोण ओळखतं?

१८ नोव्हेंबर
ठरलं. गाळा सोडायच्या दिवशी भर बाजारात सांगणार. दाढी, मागचं दार, सगळं. मोठ्यानं!

२३ नोव्हेंबर
म्हातारीला बीडला दवाखान्यात नेलंय. छातीत कळ आली म्हणे. मरू दे.

२६ नोव्हेंबर
सकाळीच प्रियदर्शनी धावत आली. बायनाबाई गेल्या, बीडहून घरी आणलंय. "चला लवकर, आंघोळ घालायच्या आधी. आत्याबाई सारखं म्हणत व्हत्या — शाईस्ताला बोलवा, दुसऱ्या कुणाला माझं तोंड दावू नका."
बायकांना बाहेर काढलं, दार लावलं. वॅक्स नेलंच नव्हतं. हनुवटीचे केस दोऱ्यानं काढले, हळूहळू. रागच येईना.
हात धुतलेस का, कुणी विचारलं नाही. मी धुतले होते.