चांगला पाय

३ मार्च
पोहोचलो एकदाचा! आजारातून उठणाऱ्यांसाठीचं छोटंसं घर आहे हे. सहा खोल्या, मागे बाग, आणि सकाळचं ऊन थेट माझ्या पलंगावर. स्कूटरवरून पडलो, नडगीचं हाड बाहेर आलं, मग त्यात पू झाला. दोनदा खरवडून काढला. पाय वाचला हेच खूप, असं बायको म्हणाली. आता सहा आठवडे सलाईनमधून औषध आणि रोज ड्रेसिंग. इथल्या सिस्टर पन्नाशीच्या आहेत, हात एकदम हलका. बावीस वर्षं मी हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक केली, त्यामुळे कुणाचं काम कसं आहे ते मला लगेच कळतं.

६ मार्च
सिस्टरांनी आज माझी शाळा घेतली. हाड म्हणजे वाळकं लाकूड नाही म्हणे, जिवंत असतं, रोज थोडं झिजतं आणि रोज नवं भरतं. त्याला दूध, अंडी, डाळी, ऊन लागतं. बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडायचं नाही, जंतू हाडाच्या मेलेल्या तुकड्यात दडून बसतात. सिगारेटनं हाड भरत नाही म्हणून खिशातलं पाकीटही काढून घेतलं. तीस वर्षांची सोबत गेली! पण बाई इतक्या मायेनं बोलतात की रागावता येईना. दुपारी कुबड्यांवर बारा पावलं चाललो.

९ मार्च
आज मी माझ्या नोकरीच्या फुशारक्या मारत होतो. सिस्टरांनी विचारलं, कुठलं हॉस्पिटल, कुठली वर्षं. मग म्हणाल्या, त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिथेच झालं होतं, अकरा वर्षांपूर्वी. हाड सडलं, मांडीपासून पाय कापला, तरी एकोणिसाव्या वर्षी गेला. मी म्हटलं, देवाची मर्जी. त्या बँडेज गुंडाळत राहिल्या.

तो आठवडा मला चांगला आठवतो. हत्यारं वाफवायचं मशीन बिघडलं होतं आणि सर्जन वर बोंबलत होता. हत्यारांच्या पाकिटावरच्या चिकटपट्टीच्या रेघा वाफेनं काळ्या पडतात, म्हणजे आतलं निर्जंतुक; सगळे तेवढंच बघतात. मी जुन्या पाकिटाची काळी पट्टी सोलून गुडघ्याच्या ऑपरेशनच्या न तापवलेल्या सेटला लावली. एकदाच. बावीस वर्षांत एक चूक कुणाची होत नाही?

१२ मार्च
उशाखाली ठेवलेली ही वही सकाळी टेबलावर होती. आजच्या ड्रेसिंगच्या पाकिटावरच्या रेघा पांढऱ्याफटक. मी तसं म्हटलं. सिस्टर हसल्या, म्हणाल्या, तुम्ही तरी घाबरू नका, भाऊ. आणि तेच उघडलं. आज हात हलका नव्हता.

१४ मार्च
ताप. पुन्हा पांढऱ्या रेघा. कुबड्या नेल्या, हाडाला विश्रांती हवी म्हणे. फोन चार्जिंगला नेला तो आलाच नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, ते आज आले. मी पांढऱ्या रेघांचं सगळं सांगितलं. सिस्टरनं काळ्या रेघांचं पाकीट पुढे केलं. डॉक्टर माझी पाठ थोपटून गेले. पट्टीची कड दुसऱ्यांदा चिकटवलेली होती. मला नाही कळणार तर कुणाला?

१७ मार्च
जखमेला वास येतोय. सलाईनमध्ये औषध आहे की नुसतं पाणी, कोण जाणे. ओरडलो. कुणी नाही – बाकीच्या खोल्या रिकाम्या, शेवटचा पेशंट काल घरी गेला. ती पलंगावर बसली. म्हणाली, खरं काय ते वहीत लिहा, मग बघू.
अहो, मुद्दाम नाही केलं –

१८ मार्च
लिहितो. मशीन बंद होतं. सेट तापवलेला नव्हता. जुनी पट्टी मी लावली. तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला.

वाचलं तिनं. दोनदा. रडली. मीही रडलो, माफ करा म्हणालो. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सुटलो, वाटलं –

ट्रे आणलाय, हत्यारांच्या पाकिटावर रेघा पांढऱ्या. बँडेज सोडत नाहीये. म्हणते, तो राहू दे, तो जाणारच आहे. चांगला पाय पुढे करा.

चांगला कशाला – त्याला काही झालेलं नाही –

म्हणते, माझ्या मुलालाही फार काही झालं नव्ह