कुंताचं वजन

मूल, जिल्हा चांदा
२६ मे १९५७

प्रिय खुशाल,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. लिहायला बसले की दवाखान्यात कोणीतरी अडलेली बाई येते, असं कारण सांगणार होते. पण ते खरं नाही. वेळ होता. धीर होत नव्हता. परवा आपल्या बापूजींनी विचारलं, "खुशालले लेहलं काय वो?" आणि मी हो म्हणून गेले. त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे ते दोन दिवस खुपत राहिलं. आज दुपारी भोंगा झाल्यावर ते मिलवर परत गेले आणि मी दार लोटून कागद पुढे घेतला.

घरी तसं ठीक आहे. बापूजींना कोंड्याच्या धुळीनं खोकला धरला आहे, पण मिल सोडत नाहीत. तुझं पत्र सदऱ्याच्या खिशात घालून फिरतात आणि धान घेऊन आलेल्या गाडीवानांनासुद्धा सांगतात, "आमचा खुशाल दागदर होऊन राह्यला." विहिरीचं पाणी तळाला गेलं आहे. आजूबाजूची खेडी तेंदूपत्त्याला लागली आहेत. सकाळी जंगलात गेलेली माणसं ऊन चढल्यावर पानांचे भारे घेऊन परततात. दवाखान्यात त्यामुळे गर्दी कमी.

तू विचारलंस की सर्वेक्षणाचं चांगलं चाललेलं काम मी मधेच का सोडलं. ते काम तू नागपूरला टेबलाशी बसून पाहिलंस, वह्या भरून तुझ्याकडे आल्यावर. बोडीटोल्याला तू कधी आला नाहीस. म्हणून पहिल्यापासून सांगते.

दिवाळीनंतर डॉ. गुणवंतराव नागपूरहून जीपमधून आले आणि आमच्या दवाखान्यातून मला मागून घेतलं. गरोदर बायांची उंची आणि वजन घ्यायचं, त्यावरून पोटातलं मूल कसं निपजेल हे सांगता येतं का ते पाहायचं. साठेक बाया, सात गावं. त्यातलं बोडीटोला आपल्या मूल गावापासून सात मैलांवर, तलावाच्या पाळीखाली वसलेलं ढिवरांचं गाव. मासळी धरायची, थोडं धान लावायचं, उरलेले दिवस मजुरी. आम्ही चावडीच्या खांबाला उंचीची पट्टी ठोकली आणि काटा मांडला तेव्हा एकही बाई पुढे येईना. मंगलीबाई नावाची म्हातारी सगळ्यांच्या वतीनं म्हणाली, "माणसाले तोलत नाई जी. तोलाचं तं धान." डॉक्टरसाहेब चिडले नाहीत. जोडे काढून स्वतः काट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "पाहा, मला काही झालं का?" बाया हसल्या. मग एकेक करून आल्या. साहेबांबद्दल तुझ्या मनात जो आदर आहे, तो माझ्याही मनात होता, आणि आजही आहे. तिथल्या लोकांबरोबर पानावर बसून भात आणि मासळीचा रस्सा खाणारा दुसरा साहेब मी पाहिलेला नाही.

हिशेब तुला पाठ आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. अठराच्या खाली आकडा आला तर बाईला दुधाची भुकटी, लोहाच्या गोळ्या, आणि दर आठवड्याला माझी फेरी. अठराच्या वर आला तर ती ठीक. महिन्या-दीड महिन्यानं वजन घेतलं की झालं. भुकटीचे डबे मोजके आणि नर्स मी एकटी, तेव्हा कुठंतरी रेघ ओढावीच लागणार, हे मलाही पटलं होतं. बोडीटोल्यातल्या बहुतेक बायांचा आकडा सोळा-सतरा. त्याच बाया छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहून जाळं ओढायच्या आणि ओल्या लाकडांची मोळी डोक्यावर घेऊन दोन कोस चालायच्या. साहेब ते पाहत राहायचे. एकदा म्हणाले, "हे शरीर कशावर चाललंय, गिरजाबाई, ते या काट्याला कळत नाही." असं म्हणाले, आणि पुढच्या बाईला काट्यावर बोलावलं.

कुंता ही मंगलीबाईची सून. वय बावीस. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दिवस गेले होते. मी तिला आधीपासून ओळखत होते. बुधवारच्या बाजारात ती डोक्यावर मासळीची टोपली घेऊन यायची आणि मला पाहिलं की चार झिंगे जास्तीचे टाकायची. बोलायची इतकं भरभर की अर्धं कळायचं नाही. तिचा नवरा मुखरू अगदी उलट, तोंडातून शब्द निघाला तर निघाला. पहिल्या खेपेला तिचा आकडा साडेएकोणीस आला. साऱ्या गावात सगळ्यात जास्त. मी मोठ्यानं वाचला, आणि ती काट्यावरून उडी मारून उतरली, जशी काही परीक्षेत पहिली आली.

माघात दुसरी खेप झाली. वजन एकोणपन्नास किलो, आकडा जवळजवळ बावीस. बाकीच्या बाया महिन्याला जेमतेम किलो-सव्वा किलोनं वाढत होत्या. ही पाचनं वाढली. साहेबांना आनंद झाला. माझी तर छाती फुगली. मी सगळ्यांपुढे म्हणाले, "पाहा, कुंतासारखं अंग धरा. सगळ्या गावात हीच धडधाकट." कुंता तेव्हा काट्याशेजारीच बसली होती. पायाकडे पाहत म्हणाली, "बाई, माहे जोडवे आता निंगत नाई जी. बोटाले कचून राह्यले." मी हसले. म्हणाले, "अंगानं भरलीस म्हणून. बाळंत झालीस की निघतील." आणि वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'फेरीची गरज नाही.'

खुशाल, ते अक्षर माझं आहे. वही तुझ्याकडेच आहे, पाहून घे.

नागपूरला नर्सिंग शिकताना आमच्या मेट्रननं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, गरोदर बाईच्या तोंडाकडे नंतर पाहा, पाय आधी पाहा. नडगीवर अंगठा दाबायचा. खड्डा पडून तसाच राहिला तर ते मांस नव्हे, पाणी. मग रक्तदाब घ्यायचा, लघवी तपासायची. हे मी नऊ वर्षं रोज करत आले. सर्वेक्षणाच्या पेटीत रक्तदाबाचं यंत्र नव्हतं, हे खरं. पण अंगठा तर माझ्याजवळ होता. मी तो दाबला नाही, कारण काटा मला चांगली बातमी देत होता, आणि गेले तीन महिने मी अशा एखाद्या बातमीची वाट पाहत होते. सोळा, सतरा, सोळा लिहून लिहून माझा हात विटला होता. एक तरी बाई आपल्या डोळ्यांदेखत भरत चालली आहे, यावर विश्वास ठेवायला मला फार आवडलं.

फाल्गुनात तिसरी खेप. वजन त्रेपन्न. तिचा चेहरा गोल झाला होता, पापण्या जड दिसत होत्या. नेहमीसारखी बोलली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "डोस्कं दुखते जी. ऊन लागलं असंल." मोह पडायला लागला होता, सगळ्या बाया पहाटे उठून फुलं वेचायला जात, तीही जायची. मी म्हणाले, सावलीत बस, वाकू नकोस. एवढंच. त्या दिवशी आणखी दोन गावं करायची होती आणि साहेब जीपमध्ये बसले होते.

नवव्या दिवशी, टळटळीत दुपारी, दवाखान्याच्या दारात बैलगाडी उभी राहिली. गाडीत धानाच्या तणसावर कुंता, उशाशी मंगलीबाई. सकाळी मोहाच्या झाडाखाली तिला झटके आले होते. बाया म्हणाल्या बाहेरचं काही लागलं असेल, देवाचं पाहू. मुखरूनं कोणाचं ऐकलं नाही, गाडी जुंपली. सात मैलांत तिला आणखी दोन झटके आले. जीभ चावली गेली होती. आम्ही तिला खाटेवर घेतलं आणि मी रक्तदाबाचा पट्टा बांधला. पारा चढतच गेला, एकशे नव्वदवर जाऊन थांबला. तेव्हा, खुशाल, मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि तसाच राहिला. तिच्या पायाच्या बोटांत जोडवी रुतून कातडी फाटली होती. ती मला कापून काढावी लागली.

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. इंजेक्शनं दिली, खोलीत अंधार केला, चांद्याला नेता येईल का म्हणून माणूस धाडला. वाहन मिळालं नाही. तीन वाजता मूल झालं. मुलगी, पावणेदोन किलो, दोन्ही तळहातांवर मावेल एवढी. कुंताला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. एकदा तिनं डोळे उघडले, पण म्हणाली, "बाई, दिवा लावा ना." तिला दिसत नव्हतं. ऊन अजून अंगणात होतं तेव्हा ती गेली.

मुखरू व्हरांड्यात उकिडवा बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "पर बाई, तुमी तं म्हणलं होतं का हे सगळ्यात धडधाकट हाये." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. नर्सबाई बोलली, साहेब बोलले, एवढा मोठा काटा बोलला, आणि असं कसं झालं, हे तो मला विचारत होता, कारण त्याच्या ओळखीत विचारण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं.

मी त्याला तिथंच खरं सांगितलं. ते वजन पाण्याचं होतं, आणि ते ओळखणं माझं काम होतं, मी ओळखलं नाही. त्यानं ऐकलं. उठला आणि बैलांना पाणी पाजायला गेला. मंगलीबाईनं मात्र पोर माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "आता हिले तोलू नोका." त्या दिवसानंतर मी सर्वेक्षणाच्या काट्याला हात लावलेला नाही.

पोर जगली आहे. शेजारच्या सोमारीचं मूल सहा महिन्यांचं होतं, तिनं दोघांना पाजलं. आता वर शेळीचं दूधही देतात. मी दर रविवारी जाते, चालत. पहिले तीन रविवार मंगलीबाईनं मला अंगणाबाहेर उभं ठेवलं. चौथ्या रविवारी खाट टाकली. गावात दोन बाया पोटुशी आहेत, तलावापलीकडच्या टोल्यात आणखी एक. मी त्यांना चावडीवर बोलावत नाही, घरी जाते, आणि आधी पाय पाहते. गेल्या आठवड्यात त्या पलीकडच्या बाईच्या नडगीवर खड्डा राहिला. तिला मुखरूच्या त्याच गाडीनं घेऊन आले. ती अजून इथं आहे, आमच्याच दवाखान्यात, मीठ बंद करून निजवून ठेवली आहे. रक्तदाब उतरतो आहे. तिचा आकडा मी काढला नाही, पण नजरेनं सांगते, वीसच्या वर गेला असता.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या कागदाबद्दल. तू लिहितोस की एकसष्ट बायांचे ठिपके तक्त्यावर मांडले तर छान चढती रेघ येते, आईचा आकडा जितका मोठा तितकं मूल वजनदार. फक्त एक ठिपका रेघेपासून लांब, एकटा पडला आहे, आणि त्यानं सगळं बिघडतं. साहेबांना वाटतं की त्या दिवशी काटा अडकला असेल, म्हणून 'वजन घेताना चूक झाली' एवढ्या एका ओळीवर माझी सही हवी आहे. त्या अहवालावर साहेबांच्या नावाखाली तुझं नाव छापलं जाणार आहे हे मला ठाऊक आहे, आणि ते पाहून बापूजींना काय वाटेल हेही ठाऊक आहे. म्हणूनच बारा दिवस लागले. पण सही मी केलेली नाही. कागद बिनसहीचाच परत पाठवते आहे. काटा बरोबर होता. प्रत्येक बाईच्या आधी मी त्यावर दहा किलोचं वजन ठेवून पाहत असे. कुंता त्रेपन्न किलोचीच होती, खुशाल, आणि मरणाच्या वाटेवर होती, आणि तुमच्या रेघेला ते कळलं नाही. तिला काढून टाकलंत तर हा अहवाल वाचून उद्या दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातली नर्स वहीत लिहील, 'फेरीची गरज नाही.' तेव्हा हे पत्र साहेबांना वाचून दाखव, माझं नाव न लपवता. ते रागावणार नाहीत. रागावले तर रागावू देत. आणि रेघ बिघडली तरी चालेल, पण कुंताचा ठिपका जिथे आहे तिथेच राहू दे.

तुझी ताई,
गिरजाबाई