मला आवडलेली पुस्तकं कोण नेतं?

रविवार, ३ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. छापखान्यातलं काम जमायला लागलं आणि नव्या खोलीला खिडकी आहे, हे दोन्ही आईला स्वयंपाकघरात, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून, वाचून दाखवलं. वेळेवर जेवतोस का, असं तिने विचारलं. मी परस्पर ‘हो’ सांगून टाकलंय, तेव्हा जेवत जा.

घरी सगळे ठीक.

आता माझी बातमी. ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी आम्हा मुलांचा वाचनकट्टा भरतो. एकाने आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याशी भांडायचं. चष्मेवाला म्हणून एक मुलगा आहे. प्राण्यांची पुस्तकं शेवटी रडवतात, म्हणून तो शेवटचं प्रकरण आधी वाचून घेतो. गप्पी नावाच्या मुलीला ज्यात माणसं सारखी जेवत असतात तीच पुस्तकं आवडतात. ग्रंथपाल बाई पुस्तकाचं नाव आणि सांगणाऱ्याचं टोपणनाव खाली जिन्याजवळच्या फळ्यावर लिहितात. माझ्यापुढे ‘मुंगी’ लिहितात. तू ठेवलेलं नाव वाया कशाला घालवायचं?

गेल्या आठवड्यात मी दीपगृहात राहणाऱ्या मुलीचं पुस्तक सांगितलं. म्हटलं, यात फारसं काही घडत नाही, पण त्या मुलीला कंटाळा आला की ती तसं सरळ सांगते, म्हणून मला आवडली. गप्पी म्हणाली, मग वाचणाऱ्यालाही कंटाळा येत असेल. यावरून चांगलंच जुंपलं. पण दुसऱ्या दिवशी चष्मेवाला ते आणायला गेला, तर पुस्तक जागेवर नाही. त्याआधी मी सांगितलेलं घोड्यांच्या डॉक्टरचं पुस्तकही असंच गायब झालं होतं.

बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “बाहेर गेलंय. कोण काय वाचतं ते मी कुणाला सांगत नाही. उद्या तुझ्याबद्दल कुणी विचारलं तर चालेल का तुला?”

म्हणणं बरोबर आहे, पण बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सरळच असलेले शिक्के पुन्हा सरळ करत बसल्या. मला चष्मेवाल्याचा संशय येतोय. पुस्तक घरी दडवून वर साळसूदपणे विचारायला जायचं, हे त्याला शोभेल.

बाबांचं तू विचारलं नाहीस, मीही लिहीत नाही.

तुझी मुंगी


मंगळवार, १९ ऑगस्ट

प्रिय दादा,

तब्येत बरी असेल असं धरून चालते आणि मुद्द्यावर येते.

चष्मेवाला सुटला. त्याचं दप्तर मी तो पाणी प्यायला गेला तेव्हा तपासलं (रागावू नकोस). आणखी एक गोष्ट ध्यानात आली. फळ्यावरची सगळीच पुस्तकं जात नाहीत, फक्त ‘मुंगी’पुढची जातात. खात्री करायला मी मला आवडलेलं एक पुस्तक गप्पीला तिच्या नावावर सांगायला लावलं. ते जागचं हललं नाही. मी सांगितलेलं मात्र लगेच गेलं.

म्हणजे कुणीतरी माझ्या मागावर आहे. जिना चढताना मी आता मागे वळून बघते.

काल दीपगृहाचं पुस्तक परत आलेलं दिसलं. उघडलं, तर एका पानाच्या कडेला अंगठ्याएवढा पिवळट डाग. हुंगून पाहिलं. दादा, तो वास तुला सांगायला नको. शिलाई मशीनचं तेल.

आपल्या दुकानाशिवाय या भागात मशीन दुरुस्तीचं दुसरं दुकान नाही.

गिऱ्हाइकाची मशीन खोलून ठेवलेली, तू मागे पुस्तकात डोकं घालून बसलेला, आणि सगळ्यांसमोर बाबांनी ते पुस्तक ओढून उभं फाडलं, तेच डोळ्यांपुढे आलं. त्यानंतर तू घरात फार दिवस राहिलाच नाहीस. मी तिथेच उभी राहून दीपगृहाचं पानन् पान तपासलं. एकही फाटलेलं नव्हतं. याने उलट जास्तच धास्ती वाटली. फाडायचं नाही, तर ते माझ्या पुस्तकांत शोधतायत काय? मीही तुझ्या वाटेने जाईन याचा पुरावा?

आईला विचारलं. “माझ्या कानावर काही नाही,” म्हणाली आणि भांडी आदळत लावायला लागली.

या शनिवारी मी मुद्दाम घर सोडून बोटीवर कामाला जाणाऱ्या मुलाचं पुस्तक सांगणार आहे. म्हणणार, तो गेला तेच बरं केलं. मग बघू.

मुंगी


रविवार, ३१ ऑगस्ट

प्रिय दादा,

हे पत्र बसून, शांतपणे वाच.

बोटीवरच्या मुलाचं पुस्तक गेलं. बुधवारी शाळा लवकर सुटली, तशी मी तडक दुकानापाशी गेले आणि काचेतून आत बघितलं. बाबा गल्ल्यावर चष्मा लावून बसले होते. समोर पुस्तक. ओळीखाली बोट धरून वाचत होते, ओठ हलत होते. एक बाई मशीनचं चाक घेऊन आत शिरली. बाबांनी मान वर न करता म्हटलं, “बसा जरा, एवढं पान संपू दे.”

दादा, मला आधी राग आला. तुझ्या वेळी गिऱ्हाईक थांबू शकत नव्हतं.

बाई गेल्यावर मी आत गेले. “हे काय चाललंय?”

“वाचतोय.”

“माझीच का?”

ते चाक उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, “घरात तू ‘हो’ आणि ‘नाही’च्या पुढे जात नाहीस. तिथे भरपूर बोलतेस.”

“तुम्हाला काय माहीत?”

“जिन्याखाली ऐकू येतं.”

म्हणजे दर शनिवारी दुकान बंद करून हा माणूस जिन्याखाली उभा राहायचा, आणि ग्रंथपाल बाईंना ठाऊक होतं. मी म्हटलं, “चोरून ऐकण्यापेक्षा वर येऊन बोला. तिथे आवडलं नाही तरी कुणी पुस्तक फाडत नाही.”

ते पुन्हा चाकाकडे वळले. मला वाटलं, विषय मिटला.

काल ते आले. आमच्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसले. गप्पी हसली, बाईंनी तिला डोळे दाखवले. बाबांची पाळी आली तेव्हा म्हणाले, “मुंगीने सांगितलेलं बोटीचं पुस्तक वाचलं. मला ते अर्धंच वाटलं.”

“अर्धं कसं? मुलगा पोचतो की शेवटी,” चष्मेवाला म्हणाला. शेवट त्याला पाठच असतो.

“मुलगा पोचतो. पण त्याचा बाप एका ओळीत दारात उभा राहतो, आणि पुस्तक पोराबरोबर निघून जातं. पुढे बाप दारातून हलला की नाही, ते लिहिणाऱ्याने बघितलंच नाही.”

“कारण बाप वाईट होता,” मी म्हटलं.

“होता. वाईट माणसालाही दारातून कधीतरी आत जावंच लागतं. तो आत जाऊन काय करतो, ते मला वाचायचं होतं.”

मग गप्पी म्हणाली, “काका, मला हे पटलं,” आणि नेहमीसारखं भांडण सुरू झालं. बाबाही भांडले. त्यांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी येताना मात्र त्यांनी विचारलं, “त्याचा पत्ता आहे ना तुझ्याकडे?”

मी पटकन ‘नाही’ म्हटलं. ते “बरं” म्हणाले आणि माझ्याबरोबर चालत राहिले. तेव्हापासून डोक्यात तेच. हे सगळं पत्ता काढायलाच तर केलं नसेल? तुझी पत्रं माझ्या मैत्रिणीच्या घरी येतात, याचाही त्यांना सुगावा लागला असेल का? भरवसा ठेवावा म्हणते आणि ठेववत नाही.

एक गोष्ट तेवढी सांगते. काल निघताना त्यांनी आणखी एक पुस्तक घेतलं. ते मी सांगितलेलं नव्हतं, फळ्यावरही नव्हतं. कपाटापुढे बराच वेळ मान वाकडी करून नावं वाचत उभे राहिले आणि स्वतःच निवडलं. आत्ता बाहेरच्या खोलीत तेच वाचतायत. मघाशी कशाला तरी एकटेच हसले.

पत्ता मी दिलेला नाही, देणारही नाही. तो तुझा आहे. तुला नको असेल तर उत्तर मैत्रिणीकडेच पाठव, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. हवं असेल तर घरी पाठव. आपली पत्रपेटी बाबाच उघडतात.

तुझी, आणि कालपासून जराशी त्यांचीही,
मुंगी