लाँग मेडोच्या फाटकाची किल्ली

मी, हेस्टर मॉड गॅमन, वय ब्याऐंशी, धंदा शेती, अविवाहित, राहणार चर्च एंड, ऑर्लकोट, हेरफर्डशायर, लिहून ठेवते की माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती थोडी अधू असती तर गावातल्या बऱ्याच जणांची सोय झाली असती. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, माझ्याच स्वयंपाकघरात बसून करत आहे. यापूर्वी केलेली तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

१. राहते घर, गोठा आणि सफरचंदांची बाग माझी भाची रोझमंड हिला मिळावी. दिवाणखाना रोज वापरू नये. आमच्याकडे तो पाद्रीसाहेब आले तर किंवा कुणी वारले तरच उघडतात, आणि तेवढा पुरतो.

२. मधमाश्यांच्या सहाही पेट्या शाळेचे मास्तर आयव्हर लग यांना द्याव्यात. मी गेल्यावर मास्तरांनी प्रत्येक पेटीवर घराच्या किल्लीने तीनदा टकटक करावी आणि मालकीण गेल्याचे माश्यांना हळू आवाजात सांगावे. नाही सांगितले तर त्या रुसून उडून जातात. हे काम पाद्रीसाहेबांवर सोपवू नये. त्यांना हळू बोलता येत नाही.

३. सन १९५२च्या गावच्या प्रदर्शनात कांद्यांसाठी मिळालेला चषक समितीला परत करावा. तीनपैकी एक कांदा बाजारातून आणलेला होता. समितीने याची चौकशी करू नये, कारण दुसरे बक्षीस ज्यांना मिळाले त्यांचे तिन्ही बाजारातले होते.

४. आता लाँग मेडो. हे कलम लांब आहे.

आमच्या गावाची दोन टोके आहेत. चर्च एंडला चर्च, शाळा आणि मी. वॉटर एंडला ओढा, दारूचा गुत्ता आणि बाकीचे सगळे. पूर्वी महामारी आली तेव्हा लोक चर्चपासून पळाले आणि ओढ्याकाठी जाऊन राहिले, असे सांगतात. महामारी गेली, पण परत यायचा कंटाळा केला. मध्ये आमचे शेत आहे, लाँग मेडो. त्यातून गेले तर चर्च दहा मिनिटांवर. रस्त्याने वळसा घालून दीड मैल. आमच्या घराण्याने लोकांना कायम शेतातून जाऊ दिले; फक्त प्रेत जाऊ दिले नाही. ज्या वाटेने एकदा शवपेटी गेली ती वाट कायमची सर्वांची होते, मग मालकाला तिथे नांगर घालता येत नाही आणि फाटक लावता येत नाही, हा कायदा ऑर्लकोटमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. वडिलांनी मरताना मला दुसरे काहीच सांगितले नाही.

फेब्रुवारी १९३७मध्ये वॉटर एंडच्या क्लेमंट टकेट सुताराची बायको डॉर्कस न्यूमोनियाने वारली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. माझे केस मी विंचरू दिले ते तिला एकटीलाच. त्या आठवड्यात ओढ्याला पूर आला होता. चौघे जण पेटी खांद्यावर घेऊन माझ्या फाटकाशी आले. पुढे क्लेमंट होता.

"हेस्टर, रस्त्याच्या पुलावर कमरेएवढं पाणी आहे गं."

"ठाऊक आहे."

"फाटक उघड."

"पेटी घेऊन नाही."

"अगं, आपली डॉर्कस आहे ही."

"डॉर्कस आपली आहे, क्लेम. शेत माझं आहे."

किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती. मी ती मुठीत धरून उभी राहिले. ते टेकडीवरून गेले, तीन मैल, चिखलातून. पेटी पाच वेळा खाली ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी मी फाटकाला कुलूप लावले, ते सगळ्यांसाठीच. लोकांकडे बघणे जमेना, म्हणून लोकांचे येणेच बंद केले.

आमच्या गावात भांडण करत नाहीत, बोलणे बंद करतात. क्लेमंट दर रविवारी फुले घेऊन रस्त्याने दीड मैल चालत कबरीवर जातो आणि तेवढेच चालत परत. आधी काठी नव्हती, आता आहे. माझ्या खिडकीवरून जातो आणि एकतीस वर्षांत त्याने मान वळवलेली नाही. मी मात्र दर रविवारी खिडकीत असते.

गेल्या महिन्यात बाजारगावचे वकील प्रूइट यांना मी हे सांगितले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "गॅमनबाई, असा कायदाच नाही. कधीच नव्हता."

"माझ्या वडिलांनी सांगितलं होतं."

"सगळ्यांचेच वडील सांगतात."

म्हणजे डॉर्कसला मी तीन मैल फिरवले ते उगाच. कायदा असता तरी ते वाईटच होते, पण निदान उगाच नसते. त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

५. सबब, लाँग मेडोमधली वाट मी सर्वांसाठी कायमची खुली केली आहे. तसा कागद वकिलांकडे आहे. परंतु ऑर्लकोटचा कागदावर विश्वास नाही. म्हणून माझी शवपेटी वॉटर एंडला नेऊन, तिथून लाँग मेडोमधून, दिवसाउजेडी, सर्वांना दिसेल अशी चर्चपर्यंत न्यावी. मग कुणी शंका घेणार नाही.

६. गोठ्यातल्या एल्मच्या फळ्या क्लेमंट टकेट यास द्याव्यात. चांगल्या वाळलेल्या आहेत; शवपेटीला हेच लाकूड लागते.

७. हे कलम आत्ताच वाढवले आहे. वकिलांच्या मते त्याची गरज नाही.

साक्षीला टपाल कचेरीच्या बेडोजबाई आल्या. दुसरा साक्षीदार म्हणून त्यांनी, मला न विचारता, क्लेमंटला आणले. वकिलांनी वरील सर्व मोठ्याने वाचले. तो टोपी हातात धरून भिंतीकडे बघत होता. मग वकिलांना म्हणाला,

"साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही म्हणतात. खरं का?"

"खरं आहे."

"मग पेन तयार ठेवा. तिच्या फळ्या मला नकोत." नंतर माझ्याकडे वळला. "तुझ्या पेटीला मी माझंच लाकूड घालीन. पाच फूट दोन ना?"

"पाच फूट तीन."

"होतीस."

मी म्हटले, "क्लेम, माझं चुकलं. तेव्हाच चुकलं होतं."

"हो," तो म्हणाला. "आणि ती वाट? तीपण मिळणार नाही का मला?"

वकील म्हणाले, वाट कुणा एकाला दिलेली नाही, सगळ्यांना दिली आहे.

"मग आजपासून जाऊ, का ही मरेपर्यंत थांबू?"

मी किल्ली टेबलावर ठेवली. त्याने घेतली. कलम संपले.

ठिकाण: ऑर्लकोट, मृत्युपत्र करणारीचे स्वयंपाकघर
तारीख: २८ एप्रिल १९६८, रविवार, दुपारचे तीन

सही: हेस्टर मॉड गॅमन

साक्षीदार:
१. ऑटिली बेडोज, टपाल कचेरी
२. क्लेमंट टकेट, सुतार

शेरा: दोन्ही साक्षीदारांनी मृत्युपत्र करणारीच्या समक्ष सह्या केल्या व ते निघाले; पैकी एक रस्त्याने, एक शेतातून. — आ. प्रूइट, वकील