तू न लावलेला रंग

प्रिय भुतू,

एकाच घरात राहणाऱ्या बापाने मुलीला पत्र लिहावं, हे जरा विचित्रच. पण समोरासमोर बसलो की तू विषय बदलतेस आणि मी चष्मा पुसत बसतो. म्हणून तू दातांच्या लॅबमध्ये गेल्यावर शिलाई मशीनवर फळी टाकून लिहायला बसलोय. संध्याकाळी आल्याआल्या हे वाचशील, तेव्हा मधेच चहा टाकायला उठू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते कर.

आज सकाळपासून मला तुझं ते पहिलं नाक आठवतंय. शाळेत वेशभूषेची स्पर्धा होती आणि तुला चेटकीण व्हायचं होतं. मी काळा घोळदार झगा शिवला, बाह्यांना फाटकी झालर लावली, टोपीही केली. शिंप्याची पोर म्हणून कपड्यांत कुठे कमी पडू दिलं नाही. नाक मात्र पुठ्ठ्याचं केलं आणि दोऱ्याने बांधलं. तू आरशात पाहिलंस आणि शांतपणे म्हणालीस की बाबा, हे नाक नाही, पुठ्ठा आहे. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून कुठलंसं पुस्तक आणलंस आणि तुझी आई ड्युटीवर गेल्यावर तिच्या दुधाच्या पातेल्यात जिलेटिन आणि ग्लिसरीन शिजवायला घेतलंस. घरभर वास सुटला. मातीच्या साच्यात ते ओतलं, गार झाल्यावर सोललं, आणि तुझ्या तळहातावर एक वाकडं, चामखीळ असलेलं, हात लावला तर माणसाच्या कातडीसारखं लागणारं नाक होतं. मी दोन पावलं मागे सरकलो होतो, हे तुला तेव्हा सांगितलं नाही.

स्पर्धेत काय झालं ते तुलाही आठवत असेल. दिव्यांच्या उष्णतेने नाक पाघळलं आणि घसरत घसरत ओठावर आलं. सगळं सभागृह खो खो हसायला लागलं. मी मागच्या रांगेत जीव मुठीत धरून बसलो होतो. तू ते नाक हातात झेललंस, मुठीत धरलंस आणि चेटकिणीचा उरलेला शाप तसाच म्हणून संपवलास. घरी येताना तुझी समजूत कशी घालावी याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. कोपऱ्यावर आलो तशी तू म्हणालीस, “ग्लिसरीन जास्त झालं.” बस्स. मी त्या दिवशी ओळखलं की ही पोर रडायच्या कामाची नाही.

तुझ्या आईला मात्र ते पातेलं जड गेलं. रुग्णालयातून थकून आलेली बाई दूध तापवायला जाते आणि तळाशी कातडीच्या रंगाचा थर दिसतो म्हटल्यावर घर डोक्यावर घेणारच. मग नियम झाला, की नाकं, कान, जखमा, जे काय शिजवायचं ते गच्चीवरच्या जुन्या स्टोव्हवर आणि फक्त कान तुटलेल्या पातेल्यात. तुला भुतू हे नाव तिनेच ठेवलं, तेही रागाने. पुढे सगळी गल्लीच त्या नावाने हाक मारायला लागली आणि राग कुठल्या कुठे गेला.

माझ्या चेहऱ्याचा साचा घेतलास तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. दंतवैद्याकडून दातांचे ठसे घ्यायची पावडर मागून आणली होतीस. मला स्वयंपाकघरात उताणं झोपवलंस, नाकपुड्यांत दोन नळ्या खुपसल्यास आणि वर तो थंडगार लगदा थापलास. त्यावर प्लॅस्टरच्या पट्ट्या. बोलायचं नाही, हसायचं नाही, हलायचं नाही. तू पाणी आणायला बाहेर गेलीस आणि नेमकं त्याच वेळी गल्लीतला कंपाउंडर पँट आल्टर करून घ्यायला आला. आतून उत्तर येईना म्हणून त्याने डोकावलं. जमिनीवर चेहरा नसलेला माणूस, नाकातून नळ्या आणि त्यातून सूं सूं आवाज. भला माणूस. ओरडला नाही. पँट खुर्चीवर ठेवली, “कंबर थोडी सैल करा” म्हणाला आणि निघून गेला. मी आत हसू दाबून इतका हललो की साच्यात माझी हनुवटी वाकडी आली. पुढे तू त्या साच्यावर जेवढी भुतं केलीस त्या सगळ्यांच्या हनुवट्या वाकड्या होत्या. आणि एकदा माझी डावी भुवई तू तोंडाला फासलेल्या रबराच्या चिकाबरोबर निघून आली, ती वेगळीच. भुवई उगवेपर्यंत गिऱ्हाइकं माप देताना माझ्याकडे बघायचं टाळायची.

पण तुझी खरी शाळा झाली ती आईच्या पायाशी. ड्युटीवरून आल्यावर ती गरम पाण्यात पाय सोडून बसायची आणि तू समोर बसकण मारून विचारायचीस, की मुका मार लागला की पहिल्या दिवशी कोणता रंग, मग कोणता? ती म्हणायची, घरी आले तरी ड्युटीच. तरी सांगायची. आधी लाल, मग जांभळा, मग हिरवट, आणि कडेने पिवळा होत होत जातो. ताप चढला की गाल कसे दिसतात, रक्त गेलं की नखं कशी, धाप लागली की ओठ कसे निळसर पडतात. तू ऐकायचीस आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दंडावर ते रंगवायचीस. आई नर्सच्या नजरेने तपासायची आणि म्हणायची, ही जखम आजची आहे, पण कडा मात्र आठवड्याच्या आहेत, पुसून परत कर. कडा हा तुझा ध्यास झाला. नकली कातडी जिथे संपते आणि खरी जिथे सुरू होते, ती रेघ दिसता कामा नये. टिपटिप करून, बोटाच्या उबेने विरघळवून तू ती रेघ नाहीशी करायचीस. मी शिवण झाकतो तसंच ते. तुला हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

कॉलेजात गेलीस तोवर गावभरातल्या हौशी नाटकवाल्यांची आणि वेशभूषेच्या मेळाव्यांची भुतं आपल्याच घरातून निघत होती. कपडे माझे, तोंडं तुझी. मग आईच्या रुग्णालयात ती तालीम ठरली. इमारत कोसळली असं समजून जखमींना कसं हाताळायचं, याचा सराव. खोटे जखमी हवे होते. ज्या बाईने तुझ्या नावाने बोटं मोडली होती, तिनेच वरिष्ठांना सांगितलं की माझी मुलगी करून देईल. त्या दिवशी पहाटेपासून तू लोकांना रंगवत होतीस. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा हात भाजलेला. मला मांडीला मोठी जखम मिळाली होती आणि काम एवढंच, की आवारात पडून कण्हायचं.

मी पडलो. ऊन होतं. थोड्या वेळाने छातीवर कुणी शिलाई मशीनच ठेवावं तसं वाटायला लागलं. डावा हात बधिर झाला. मी जवळच्या स्वयंसेवकाला सांगायला गेलो, तर शब्दच फुटेनात, नुसतं कण्हणं बाहेर आलं. तो खूश झाला. म्हणाला, काका, झकास, असंच चालू द्या. कुणीतरी टाळीही वाजवली. भुतू, माणूस खरंच जातोय आणि भोवती कौतुक चाललंय, यासारखी एकटी वेळ दुसरी नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग तू आलीस. रंगाची पेटी घेऊन, कुणाचं काही सुटलंय का ते बघत. माझ्याजवळ वाकलीस, मांडीची कड दाबलीस, आणि चेहऱ्याकडे पाहिलंस. तुझा हात थांबला. तू माझ्या ओठावरून अंगठा फिरवलास, अंगठ्याकडे पाहिलंस. त्याला काहीच लागलं नव्हतं. तू वळून आईला हाक मारलीस, ओरडून नव्हे, अगदी सपाट आवाजात.

“आई, हा रंग मी लावलेला नाही.”

तुझी आई पळत आली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. स्ट्रेचर, पांढरं छत, एक नवखा डॉक्टर माझ्या मांडीला बँडेज बांधायला लागलेला, आणि तुझ्या आईने ती जखम टरकन ओढून काढून कचऱ्यात फेकलेली. तो पोरगा पांढराफटक पडला होता म्हणे. पुढे कितीतरी वर्षं आई ही गोष्ट हसून हसून सांगायची. तू मात्र ती ऐकताना उठून जायचीस.

त्यानंतर तू पेटी बंद केलीस. आम्हाला वाटलं, चार दिवसांनी उघडशील. उघडली नाहीस. नाटकवाले आले, परत गेले. तू दातांच्या लॅबमध्ये लागलीस आणि मुकाट्याने लोकांच्या कवळ्या करू लागलीस. विचारलं की म्हणायचीस, आता मन लागत नाही. तुझ्या मनात काय होतं ते मी ओळखून होतो. तुझ्या रंगामुळेच लोकांना माझं खरं दुखणं दिसलं नाही, असं तुला वाटत होतं. मी उलट बाजूने बघत होतो. तिथे एवढी माणसं होती, तुझ्याशिवाय कुणालाच दिसलं नाही. पण हे तुला सांगायला मला तेव्हा जमलं नाही, बायकांच्या ब्लाउजची मापं लिहिणाऱ्या माणसाला असली वाक्यं पटकन सुचत नाहीत.

पेटी उघडली ती आईनेच. तिच्या वॉर्डात एक पोस्टमन होता. अपघातात त्याचा उजवा कान गेला होता. जखम भरली, घरी सोडला, तरी पुन्हा पुन्हा यायचा. सारखी टोपी ओढून असायचा. आई तुला काही न सांगता त्याला थेट आपल्या घरी घेऊन आली. तू चिडलीस, पण तो खुर्चीवर बसल्यावर तुझे डोळे त्याच्या दुसऱ्या कानावर गेले आणि तिथून हलेनात. मी मशीनवरून बघत होतो. कितीतरी कान केलेस आणि मोडलेस. शेवटचा सिलिकॉनचा कान बसवलास, कड विरघळवलीस, आणि त्याने आरशात पाहिलं. आम्हाला वाटलं, रडेल. त्याने खिशातून चष्मा काढून लावला, डोकं इकडे हलवलं, तिकडे हलवलं आणि म्हणाला, “आता चष्मा बसतो.” त्या रात्री तुझी आई पोटभर जेवली. तू आणि ती किती तरी वेळ कुठल्या कुठल्या रुग्णांविषयी बोलत होतात. तुम्हा दोघींना तसं बोलताना बघणं हे माझं आवडतं काम होतं.

तुझी आई गेल्यापासून घर शांत आहे. तू लॅबमधून येतेस, सुट्टीच्या दिवशी कुणाचं नाक, कुणाचं बोट करतेस. आणि रोज सकाळी चहाचा कप देताना माझ्या ओठांकडे बघतेस. तुला वाटतं मला कळत नाही. मला रोज कळतं. मी मुद्दाम गरम चहाचा मोठा घोट घेतो, म्हणजे ओठ जरा लाल दिसतील.

आता हे पत्र का, ते सांगतो. सोमवारी तू कामावर असताना घरच्या फोनवर एका बाईंचा फोन आला. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टर आहेत त्या. आवाज फार चांगला होता. म्हणाल्या, तुमची तब्येत सांभाळा काका, तुमच्यामुळे तिला येता येत नाही हे मी समजू शकते, पण असा हात आम्हाला पुन्हा मिळायचा नाही. मला काहीच माहीत नव्हतं, तरी सगळं माहीत असल्यासारखं हूं हूं केलं. त्यांनी तुला तिथे नोकरी देऊ केली होती. चेहरे गेलेल्या माणसांसाठी चेहरे करायचे, दिवसभर तेवढंच, हाताखाली नीट साधनं, आणि तू नाही म्हणून मोकळी झालीस. माझ्यासाठी. मी फोन ठेवला. मग मी तीन गोष्टी केल्या. हृदयाच्या डॉक्टरांकडे एकटा जाऊन आलो, ते म्हणाले गोळ्या घ्या, चाला, तुमची मुलगी कुठल्या गावात राहते याचा तुमच्या हृदयाशी काही संबंध नाही. तुझ्या आत्याला फोन केला. निवृत्त झाल्यापासून ती एकटी कंटाळली आहे. महिनाअखेरीस इथे राहायला येते म्हणाली. अट एवढीच, की खिडकीजवळची खोली तिची आणि रेडिओ तिच्या हातात. पहाटेपासून ती बातम्या लावते आणि बातम्या देणाऱ्यापेक्षा जास्त बोलते, तरी मी हो म्हटलं. यावरून काय ते समज. आणि शेवटी त्या डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. जागा शनिवारपर्यंत रिकामी आहे. तुझ्या वतीने मी शब्द दिलेला नाही, तो तुझाच. नंबर फोनशेजारी लिहून ठेवलाय. तू यायची वेळ होत आलीय, म्हणून मी आता चपला घालून बाहेर पडतोय, नदीपर्यंत चालत जाईन आणि अंधार पडायच्या आत येईन. तू एकटीने बसून ठरव. माझा चेहरा समोर असला की तू दुसरं काहीच बघत नाहीस.

तुझाच, आणि ठणठणीत,
बाबा